भाचीनं मला सांगितलेला पासवर्ड

आमच्या घराण्याचे सगळे पासवर्ड माझ्याकडं असायचे. पूर्वी हे मी मिरवून सांगायची, आता जरा आवाज खाली आणून सांगते. बेळगावात टिळकवाडीतल्या एका शाळेत मी उभा जन्म गणित शिकवलं. लग्न केलं नाही; का केलं नाही, यात सांगण्यासारखं काही नाही, जमलं नाही इतकंच. त्यामुळं निपाणीजवळच्या आमच्या गावात शेती करणाऱ्या धाकट्या भावाचे, आणि त्याच्या मागोमाग सगळ्या भावकीचे अर्ज, दाखले, सह्या, शिक्के हे आपोआप माझ्या अंगावर आलं. पुढं कागद मागं पडले, कंप्युटर आला, आणि कागदांच्या जागी पासवर्ड आले. ते करून द्यायचं कामही माझंच. "आक्का हाय की," एवढं म्हणून सगळे मोकळे व्हायचे.

मी सगळ्यांना एकच पासवर्ड करून दिला होता. जोतिबाचं नाव इंग्रजीत, पहिलं अक्षर मोठं, मग ते गोल शेपटीचं चिन्ह, आणि शेवटी गावाचा पिनकोड. भावाच्या शेताच्या उताऱ्याला तोच, भावजयीच्या गॅसला तोच, चुलतभावाच्या पोराच्या स्कॉलरशिपला तोच, माझ्या पेन्शनलाही तोच. विसरायचा प्रश्नच नाही. आपलं कुलदैवत कोण विसरतं, आणि पिनकोड तर पोस्टमन बदलला तरी बदलत नाही. कुणाचाही फोन आला, "आक्का, पासवर्ड काय गं?" की मी म्हणायची, "तोच रं." दोन शब्दांत काम. अवघड उदाहरणाला सोपी रीत सांगितली की पोरं खूश व्हायची, तशी भावकी माझ्यावर खूश होती.

एकदा भावाबरोबर निपाणीत एका कंप्युटर सेंटरला गेले होते, त्याच्या उताऱ्याची प्रत काढायला. खुर्चीवरच्या माणसानं भावाचा मोबाईल नंबर आणि गाव विचारलं, खटाखट काहीतरी टाईप केलं आणि पान उघडलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"पासवर्ड कसा ठाऊक तुला?" मी विचारलं.

"आक्का, तुमच्या गावातनं जो येतोय त्येचा ह्योच असतोय," तो म्हणाला. "पिनकोड तर आता माझा पाठच झालाय."

भाऊ हसला. मीही हसले. आम्ही प्रत घेतली, शेजारच्या गाड्यावर चहा प्यालो आणि घरी आलो. वर्गात क्रमचय आणि संचय शिकवताना मी पोरांना सांगायची की चार आकडी कुलुपाचे दहा हजार क्रमांक होतात, चोराला रात्र पुरणार नाही. आणि अख्ख्या गावाचं कुलूप एका परक्या माणसानं माझ्यासमोर उघडलं, तेव्हा मला गंमत वाटली. काय म्हणावं याला.

पण मला त्यात वावगं वाटलं नाही, याचं कारण आमची राहायची पद्धत. माझ्या फ्लॅटची दुसरी किल्ली समोरच्या वहिनींकडं असते. त्या कन्नड बोलणाऱ्या, मी मराठी. एकमेकींच्या किल्ल्या एकमेकींकडं ठेवून आम्हाला कित्येक वर्षं झाली. मी बाजारात अडकले की त्या येऊन माझं दूध तापवून ठेवतात. गावाकडं तर दाराची किल्ली चौकटीवर असते आणि ती तिथं असते हे सगळ्या आळीला ठाऊक असतं. किल्ली लपवली की माणसं विचारतात, का गं, आमच्यावर विश्वास न्हाय व्हय? त्याच हिशेबानं मी पासवर्डकडं बघत होते. घरातल्या माणसापासून पासवर्ड लपवणं म्हणजे त्याला परकं करणं, असं माझं साधं गणित होतं.

ते गणित मोडलं माझ्या भाचीनं, या धाकट्या भावाच्या मुलीनं.

दहावी झाल्यावर ती पी.यू. कॉलेजला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात आली आणि माझ्याकडं राहिली. दोन वर्षं. त्या दोन वर्षांबद्दल मी देवाची किती आभारी आहे हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण मी तिला बहुतेक वेळ ओरडतच असायची. ओला टॉवेल कॉटवर का, डब्यातली भाजी तशीच का, बाथरूमचा दिवा का चालू. एकटीनं राहून राहून माझ्या घरात प्रत्येक वस्तू आपापल्या जागी होती. ती आल्यावर एकही जागेवर राहिली नाही, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे घर आहे. संध्याकाळी तिच्या चपलांचा जिन्यातला आवाज यायच्या आधीच मी चहाचं आधण ठेवायची. आवाज चुकला तर आधण आटायचं आणि माझा पारा चढायचा.

पहिल्या वर्षी कॉलेजची सहल कणकुंबीच्या जंगलात गेली. ती परत आली ती पिशवीभर पानं घेऊन. माझ्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात तिनं ती दाबून ठेवली आणि जेवताना सांगितलं, "आत्या, मला फॉरेस्ट्री करायचंय. शिरसीला कॉलेज हाय." मी म्हटलं, "बरं बरं, आधी आमटी घे." पोरं सहलीहून आली की पंधरा दिवस काहीतरी व्हायचं ठरवतात, हे मी शाळेत पुष्कळ बघितलं होतं. तिचे पंधरा दिवस दोन वर्षं टिकले.

दुसऱ्या वर्षी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायचा होता. ती बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर, मी स्वयंपाकघरात. "आत्या, पासवर्ड करायला सांगतंय," ती म्हणाली. "तोच घाल," मी आतून म्हटलं. जेवायला बसल्यावर मी सहज विचारलं, "घातलास न्हवं तोच?"

"न्हाय. दुसरा घातला."

"कुठला दुसरा?"

"सांगत न्हाय, आत्या. कुणालाच सांगायचा न्हाय असं ठरवलंय मी."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून, मला सांगत न्हाय? मी तिच्याशी बोलणं टाकलं. चार दिवस. अगदीच गरज पडली तर समोरच्या वहिनींना मध्ये घालायची: "वहिनी, जरा विचारा तिला, डब्यात काय पायजे." वहिनी बिचाऱ्या माझं मराठी ऐकून तिला कन्नडात विचारायच्या, ती कन्नडात उत्तर द्यायची, आणि त्या ते मला मराठीत कळवायच्या. आम्ही तिघीही एकाच खोलीत उभ्या असायचो.

पाचव्या दिवशी ती वही आणि पेन घेऊन माझ्यासमोर बसली. "आत्या, एक उदाहरण अडलंय."

तिला ठाऊक होतं की गणिताला मी पाठ फिरवणार नाही. "सांग."

"इंग्रजी छोटी अक्षरं सव्वीस. जागा आठ. किती पासवर्ड हुतील?"

"सव्वीसचा आठवा घात," मी म्हटलं. "वीस हजार कोटीच्या वर जातील."

"आणि आपल्या गावातल्या माणसाला आपला पासवर्ड ओळखायला किती खेपा लागतील?"

उत्तर एक होतं. सेंटरवाल्याला तर तीही लागली नव्हती, त्याला पाठच होता.

मग ती बोलायला लागली आणि मी पहिल्यांदा विद्यार्थिनीसारखी ऐकत बसले. त्यांच्या कॉलेजात आदल्या वर्षीच्या एका मुलीचा प्रवेशाच्या अर्जातला पसंतीच्या कॉलेजांचा क्रम मैत्रिणीनं मस्करीत बदलला होता. पासवर्ड दोघींना ठाऊक, वाईट हेतू कुणाचाच नाही, पण तारीख उलटली आणि त्या मुलीची जागा गेली. म्हणून भाचीनं ठरवलं होतं. तिची रीत सोपी होती. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्यायचे, जे मनात नुसते चित्रासारखे राहतील. त्यात देव नको, गाव नको, वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको. म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्या माणसाला जे ठाऊक आहे ते काहीही नको. प्रत्येक ठिकाणी वेगळे शब्द. लक्षात राहत नसतील तर एका वहीत लिहून वही कपाटात ठेवायची, फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवायचा नाही. आणि फोनवर जो सहा आकडी कोड येतो तो कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी द्यायचा नाही.

"घरातल्यांनासुद्धा न्हाय?" मी विचारलं. अजून ते खुपत होतं.

"आत्या, पासवर्ड दिलास की मग कोण कोण बघतंय ते तुला कळत न्हाय. तू वाईट न्हाईस गं. पण तू दुसऱ्याला 'तोच रं' म्हणून सांगणार."

हे खरं होतं, म्हणून मला राग आला, आणि खरं होतं म्हणूनच तो टिकला नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघींनी मिळून माझे सगळे पासवर्ड बदलले. मला तिला एकेक वाचून दाखवायचा होता, इतके छान जमले होते. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग मी भावकीत फोन करून कळवलं की 'तोच' आता बंद, प्रत्येकानं आपापला करा. एका चुलत्यांनी विचारलं, "का गं, जोतिबावर विश्वास न्हाय व्हय तुझा?" मी म्हटलं, "जोतिबावर हाय, काका. निपाणीच्या सेंटरवर न्हाय." ते लई वेळ हसत होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. परीक्षेचा निकाल लागला आणि रँक चांगली आली, तेव्हा ते हसण्यावारी राहिलं नाही. तिनं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, त्यामुळं इंजिनिअरिंगही मिळण्यासारखं होतं आणि फॉरेस्ट्रीही. आता ऑप्शन भरायचे होते, म्हणजे कॉलेजांपुढं आपल्या पसंतीनं एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. वर जे असेल आणि रँकमध्ये बसत असेल ते मिळणार. तिनं एक नंबरला शिरसीची फॉरेस्ट्री घातली होती.

एके सकाळी भावाचा फोन आला. तो निपाणीच्या त्या सेंटरमधूनच बोलत होता. "आक्का, पोरीचा पासवर्ड सांग. जंगलात फिरायचं शिक्षण घेऊन काय करणार ती? बेळगावात इंजिनिअरिंग घालतो एक नंबरला. तुझ्यापाशी राहील."

मला तिचा पासवर्ड ठाऊक नव्हता. पण ठाऊक नाही असं धाकट्या भावाला सांगायची मला लाज वाटली. सगळ्या घराण्याची आक्का मी. मी म्हटलं, "तोच असंल रं, घालून बघ." तो नाही हे ठाऊक असताना म्हटलं. त्यानं चार वेळा घालून बघितला आणि खातं काही वेळासाठी बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो दारात. एका हातात भावजयीनं दिलेली ज्वारीच्या पिठाची पिशवी, चेहरा तापलेला. "बापाला पासवर्ड सांगत न्हाईस? मी काय तुझं वाईट करणार हाय?" त्यानं आपलं म्हणणं मांडलं. एकटी पोरगी, परमुलूख, जंगल, पुढं नोकरी कुठं. इथं आत्या आहे, घर आहे, बस दारात येते. प्रेमाचं बोलत होता, त्यात शंका नाही. मी काय केलं? मी मान हलवली. "बरोबर हाय त्येचं," मी म्हटलं. मला तिच्या भल्याचं वाटत होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे 'तुझ्यापाशी राहील' हे दोन शब्द आदल्या दिवसापासून माझ्या डोक्यात घर करून बसले होते.

तिनं लॅपटॉप उघडला. "आप्पा, जरा तिकडं बघा. आत्या, तूबी." आम्ही दोघं बहीणभाऊ, दोघांचे केस पांढरे, शाळेतल्या पोरांसारखे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसलो. मग तिनं पडदा आमच्याकडं फिरवला आणि बापाच्या देखत इंजिनिअरिंगपुढं एक घातला, शिरसीपुढं दोन. "आता बरोबर?" भावानं मान डोलावली. "पण पासवर्ड मी कुणाला देणार न्हाय," ती म्हणाली. तो जेवला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुपारच्या गाडीनं गेला.

थोड्या दिवसांनी मॉक लागला. मॉक म्हणजे रंगीत तालीम: आत्ताच्या क्रमानं काय मिळेल ते दाखवतात, आणि मग क्रम बदलायची शेवटची काही दिवसांची मुदत देतात. तिला बेळगावचं इंजिनिअरिंग दिसत होतं. मी शिरा केला. काजू जरा जास्तच घातले. मी मनातल्या मनात चार वर्षं मोजली, तिच्या खोलीत नवं टेबल कुठं ठेवायचं तेही ठरवलं. तिनं शिरा खाल्ला आणि मी न विचारता परत मागून घेतला. तिला गोड दुसऱ्यांदा लागत नाही. माझ्यासाठी खाल्ला तिनं, हे मला दिसलं आणि मी न दिसल्यासारखं केलं.

मुदतीच्या आदल्या दोन दिवसांत ती मैत्रिणीकडं कणकुंबीला गेली. मुदत सोमवारी दुपारी दोनपर्यंत. सोमवारी सकाळी यायची होती, आली नाही. पाऊण वाजायला आला तेव्हा फोन वाजला. पावसाच्या आवाजातून तिचा आवाज येत होता.

"आत्या, कामात हाईस?"

"न्हाय, बोल. गाडी मिळाली न्हाय?"

"रस्त्यावर झाड पडलंय. चारपातूर काढतील म्हणतात. मी देवळापाशी उभी हाय, इथंच जरा रेंज येतीय. फोन लागतोय, पण नेट अजिबात न्हाय." मग म्हणाली, "आत्या, एक काम करशील? एक नंबरला शिरसी घालायचंय. बेळगाव दोनला. माझं मन दुसरीकडं लागतच न्हाय गं."

मी लॅपटॉपपुढं बसले. "तुझ्या आप्पाला सांगितलंस?"

"सांगितलं. आत्ताच. लई वेळ काय बोललेच न्हाईत. फोनबी ठेवला न्हाय. मग म्हणाले, पाऊस हाय, डोकं झाक."

माझ्या भावाला मी जन्मापासून ओळखते. त्याचा होकार असाच येतो.

"आत्या, पेन घे. पासवर्ड सांगते."

मी लाईट बिलाच्या मागं लिहून घेतला. चार शब्द. ते मी इथं लिहिणार नाही, ते आता कशाचेच नाहीत तरी लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यात आमचा देव नव्हता, गाव नव्हतं, मी नव्हते. साधे शब्द होते, आणि ती ते एकेक करून, पावसात उभी राहून, माझ्या कानात सांगत होती. मग तिच्या फोनवर कोड आला. "हा कुणालाच द्यायचा नसतोय," ती म्हणाली आणि सहा आकडे सांगितले. पान उघडलं. "उघडलं," मी म्हटलं. फोन मी टेबलावर ठेवला.

समोर तिची यादी होती. बेळगाव एक, शिरसी दोन. मला काही करायचंही नव्हतं. नुसतं 'साईट चालत न्हाय गं' म्हणायचं होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी साईट चालली असं सांगितलं असतं तरच कुणाला शंका आली असती. झाड पडलेलं, पाऊस, रेंज नाही, साईट बंद. यात माझा दोष कुणी धरला नसता, तिनंही धरला नसता. थोडी रडली असती आणि ऑगस्टपासून माझ्या घरातून रोज सकाळी बसला गेली असती. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या असत्या. चार वर्षं. मी हे सगळं स्वच्छ, पायरी पायरीनं मांडलं, फळ्यावर मांडावं तसं. शेवटच्या ओळीला उत्तर आलं आणि मला माझीच भीती वाटली. या घरात ती राहिली असती, आणि 'आत्या' म्हणून हाक मारली असती, आणि प्रत्येक हाकेला मला हे आठवलं असतं.

मी आकडे खोडले. शिरसीपुढं एक घातला, बेळगावपुढं दोन. सेव्ह केलं. पान परत उघडून बघितलं, पोरांच्या उत्तरपत्रिका दोनदा तपासायची सवय आहे ती. मग फोन उचलला.

"झालं. शिरसी एक, बेळगाव दोन. सेव्ह झालंय."

"बरं," ती म्हणाली. "येते संध्याकाळी."

पुढं तिला शिरसीच मिळालं. तिथं ती मजेत आहे, रविवारी फोन करते, झाडांबद्दल असं काही सांगते की अर्धं मला समजत नाही. भाऊही एकदा जाऊन कॉलेज बघून आला आणि गावात तोच आता सगळ्यांना सांगत असतो. माझं घर परत जागच्या जागी आहे. कधी कधी मी मुद्दाम टॉवेल कॉटवर टाकते.

पण त्या सोमवारी संध्याकाळचं सांगायचं आहे. ती भिजून आली. मी तिला टॉवेल दिला, चहा दिला आणि ते लाईट बिल तिच्यापुढं ठेवलं.

"हे फाड. आणि पासवर्ड बदल. मला सांगू नको."

"का?"

मला खोटं बोलता आलं असतं. दुपारी एक खोटं बोलायचं टळलं होतं, आता परत नको वाटलं. "कारण दुपारी मी तो बदलणार नव्हते, तुझा नंबर. साईट चालत न्हाय म्हणून सांगणार होते. तू इथंच राहावीस म्हणून."

ती चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसली. रागावली नाही. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "फोन चालूच हुता की. उघडलं म्हणालीस, मग लई वेळ काय बोललीच न्हाईस."

मला ते सुचलंच नव्हतं. तीन मिनिटं असतील, जास्तही असतील. पावसात देवळापाशी, जराशा रेंजवर, घड्याळ दोनकडं चाललेलं, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य माझ्या टेबलावर. तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

"मग विचारायचं तरी," मी म्हटलं, "झालं का म्हणून."

"इचारलं असतं तर तुला तवाच कायतरी उत्तर द्यायला लागलं असतं, आत्या," ती म्हणाली. "म्हणून न्हाय इचारलं."